सगळ्या आल्या

बेबीआत्याला नुसतं बेबी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे तिची वहिनी. बाकी सगळ्यांची ती आत्या. केस पांढरेशुभ्र, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पायात गमबूट आणि नाव बेबी. नवे पाहुणे हसू दाबायला बघायचे. मग तीच म्हणायची, "हसा, मनमोकळं हसा. मीसुद्धा आरशात बघून हसते."

या नणंद-भावजया मिळून तळ्याकाठी एक कॅम्प चालवत होत्या. कॅम्प म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. उतारावरची हिरवळ, तिथे तंबू ठोकायच्या जागा, वरच्या अंगाला गाड्या उभ्या करायची सोय, मध्ये नळ आणि भांडी घासायची शेड, आणि फाटकाजवळ या दोघींचं बसकं घर. तळ्याच्या पलीकडे याहून किती तरी चकाचक कॅम्प होते. तिथे गरम पाण्याचे शॉवर होते, नाश्त्याला रांगेने भांडी मांडलेली असायची. तरी माणसं वर्षानुवर्षं इकडेच यायची आणि गाडीतून उतरता उतरता विचारायची, "कोंबड्या कुठे आहेत?"

कोंबड्या तरी काय, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. लाल, करड्या, एखादी पांढरी. जात कोणती म्हणून विचारलंत तर आत्याच तुम्हाला उलट विचारेल, तुमची कोणती? पण एकेकीचा स्वभाव असा की बघत राहावं. एक होती इन्स्पेक्टरीण. नवा तंबू उभा राहिला की ही हजर. आत मान घालायची, पिशव्या तपासायची, जरा विचार करायची आणि नापसंतीचा एक आवाज काढून पुढच्या तंबूकडे निघायची. भटकभवानीला कुंपण ही गोष्टच मान्य नव्हती. सासूबाई सगळ्यांत थोराड, ती आल्याशिवाय दाण्याला कोणी तोंड लावायचं नाही. आणि मुखदुर्बळ नावाची एक करडी होती. कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण कुठे मूल रडताना दिसलं की हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसायची. का बसायची, तिचं तिला ठाऊक. मूल गप्प व्हायचं आणि आईबाप आत्याचे आभार मानायचे.

सकाळी आत्या टोपली घेऊन निघाली की मागे मुलांचं लटांबर. खुराड्याचं मागचं झाकण उचलायचं, भुशात हात घालायचा आणि निघालेलं अंडं एकेका मुलाच्या गालाला लावायचं. अंडं गरम असतं हे दुकानातून अंडी आणणाऱ्या घरातल्या मुलांना कुठून माहीत असणार? त्यांचे डोळे असे मोठे व्हायचे की आत्याला रोज नव्याने गंमत वाटायची. प्रत्येक अंडं उचलताना ती त्या कोंबडीला म्हणायची, "घेते हं बाई." मुलंही तसंच म्हणायला शिकायची. एका मुलीने म्हणे घरी गेल्यावर फ्रिजमधून दूध काढतानाही तेच म्हटलं, आणि तिच्या आईने तसं मुद्दाम फोन करून कळवलं.

खरी मजा संध्याकाळी. दिवस कलला की कोंबड्या आपापल्या उद्योगांतून परत फिरायच्या आणि एकीमागून एक खुराड्यात शिरायच्या. पाहुणे खुर्च्या घेऊन तो सोहळा बघायला बसायचे. खुराड्याला दारं दोन. एक माणसांचं, मोठं, मागच्या बाजूला. दुसरं कोंबड्यांचं, जमिनीलगत, वरून खाली सरकणाऱ्या फळीचं. ही फळी लावायला पूर्वी वाकावं लागायचं आणि आत्याची कंबर नि वहिनीचे गुडघे यांच्यात त्यावरून रोज वाद व्हायचा. शेवटी दर उन्हाळ्यात येणाऱ्या एका लिफ्ट दुरुस्तीवाल्याने कप्प्या बसवल्या आणि फळीची दोरी थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली. "इतकी वर्षं अंडी खाल्ली, एवढं तर करू द्या," म्हणाला. तेव्हापासून आत्या मोठ्या दारातून आत डोकावून मोजायची आणि हाक द्यायची, "सगळ्या आल्या." की वहिनीने आतून दोरी सोडायची. फळी खाली, कडी अडकली, टाळ्या. हाक आल्याशिवाय वहिनी दोरीला ढील द्यायची नाही, कारण एकदा घाई झाली होती आणि भटकभवानीचं शेपूट फळीखाली सापडलं होतं. महिनाभर ती बिनशेपटीची हिंडत होती.

आता आत्या इथे आली कशी? तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, गेला त्याच हिवाळ्यात ती ज्या शिवणकारखान्यात शर्टांना बाह्या जोडायची तो बंद पडला. वहिनीच्या सोबतीला म्हणून आठवड्यासाठी आली आणि राहिली. वहिनीने कधी 'राहा' म्हटलं नाही, कधी 'जा' म्हटलं नाही. मागची खोली झाडून दिली, स्वतःची चांगली रजई दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन कप चहा टाकायला लागली. आत्याने या गोष्टीची जाण इतकी ठेवली होती की ताटलीतला शेवटचा पाव कधी उचलला नाही. वहिनीच्या चांगुलपणामुळे आपल्या डोक्यावर छप्पर आहे, असं ती मनाशी रोज म्हणायची, आणि ते म्हणताना तिला खरंच बरं वाटायचं. एकच प्रश्न ती स्वतःला विचारत नसे. हे आपलं घर आहे की वहिनीचं?

त्या उन्हाळ्यात तो प्रश्न दुसऱ्याच कोणीतरी विचारला. भूमिती शिकवणारी एक मास्तरीण पहिल्यांदाच कॅम्पवर आली होती. बाई चौकस. खिडकीशी उभी राहून वहिनीला म्हणाली, "त्या कोंबड्यांपाशी असतात त्या कोण?"

"ती होय?" वहिनी पावती फाडत म्हणाली. "ती मदतीला असते."

आत्या भिंतीआड पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. बादली खाली ठेवली आणि ती तशीच उभी राहिली. मदतीला! कामाला असते म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, निदान त्यात पगार असतो. इतक्या वर्षांत नणंद हा एक शब्द तोंडातून निघू नये? राग आला असता तर सोपं झालं असतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचीच लाज वाटली. जिने आसरा दिला तिच्यावर रुसायचं कोणत्या तोंडाने?

दुपारी तिने आपल्या मावसबहिणीला फोन लावला. त्या बहिणीची एक खोली कधीची रिकामी होती आणि ती कधीची बोलावत होती. "हंगाम संपला की येते," आत्या म्हणाली. "कायमची."

त्या दिवसापासून तिने वहिनीशी बोलणं टाकलं. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी वहिनीनेही तोंड फिरवलं. आता ही का फुगली, ते आत्याला कळेना. घाव तिने घालायचा आणि गालही तिनेच फुगवायचे, हा कुठला न्याय?

पण कॅम्प चालवायचा तर बोलल्यावाचून भागत नाही. मग दोघी कोंबड्यांशी बोलायला लागल्या. वहिनी पायरीवर उभी राहून म्हणायची, "सासूबाई, चहा झालाय म्हणावं. गार झाला तर माझ्या नावाने खडे फोडू नका."

आत्या अंगणातून म्हणायची, "सासूबाई, सांगा त्यांना, कालपासून साखर कमी पडतेय."

"इन्स्पेक्टरीणबाई, डबा रिकामा आहे म्हणावं. कोणाचे पाय मोकळे असतील तर दुकानात जाऊन यावं."

सासूबाई मान वाकडी करून दोघींकडे आळीपाळीने बघायची. संध्याकाळची हाकही तशीच. "सासूबाई, सगळ्या आल्या म्हणावं," असं आत्या खुराड्यात तोंड घालून मोठ्याने म्हणायची आणि खिडकीतून दोरी सुटायची. पाहुण्यांना तर पर्वणीच झाली. मास्तरणीने ही बातमी तंबूतंबूत पोचवली आणि आता खुर्च्या कोंबड्यांसाठी कमी आणि या दोघींसाठी जास्त मांडल्या जाऊ लागल्या. एक दिवस आत्याने सहज वळून बघितलं तर दोन बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तिला कळत होतं. पण आपल्या दुखण्याची करमणूक झालेली तिला बघवेना. यापुढे कोंबड्यांशीसुद्धा बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता, त्यामुळे खुर्च्या घेऊन कोणी आलं नव्हतं. कोंबड्या लवकरच आत गेल्या. आत्याने मोठ्या दारातून वाकून मोजल्या. दांडीवर एकीला एक चिकटून सगळ्या बसल्या होत्या. हाक अगदी ओठांवर आली होती, ती तिने गिळली. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता आणि वहिनीची सावली दिसत होती. दिसतंय की त्यांना, सोडतील दोरी, असं म्हणून तिने मोठ्या दाराला कडी घातली आणि घराला वळसा घालून ती आपल्या खोलीत जाऊन पडली.

सकाळी टोपली घेऊन ती बाहेर आली. फळी वरच होती. खुराडं रिकामं. दाराच्या तोंडाशी पिसं पडली होती आणि ओल्या मातीत कोल्ह्याच्या पंजांचे ठसे स्पष्ट दिसत होते. तिने दांडीवरून हात फिरवला, जणू काही कोंबड्या तिथेच असतील आणि डोळेच फसवत असतील. टोपली तिथेच टाकून ती उतारावर धावत सुटली. वहिनीला हाक मारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, किंवा आलं आणि जीभ वळली नाही.

पुढचा तास त्या कॅम्पवर जे झालं ते बघायला हवं होतं. एका तंबूला सांगितलं आणि सगळी हिरवळ जागी झाली. लिफ्टवाला पायजम्यावरच धावत आला. आधी खुराड्याच्या मागे जाऊन त्याने कप्प्या चाचपल्या आणि पडेल आवाजात म्हणाला, "दोरी शाबूत आहे, आत्या." बिचाऱ्याला वाटलं, आपलीच चूक. बायका भांडी टाकून झुडपांत शिरल्या. बाप्ये लोक गाड्यांखाली आडवे झाले. मुलं हलक्या आवाजात "ये बाई, ये बाई" करत फिरत होती. मास्तरणीने तर हिरवळीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकेक वाटून दिला, आणि खरं सांगायचं तर त्याचा फार उपयोग झाला.

पहिली सापडली इन्स्पेक्टरीण, एका कॅम्परव्हॅनच्या चालकाच्या सीटवर बसलेली. पांढरी भांड्यांच्या शेडमध्ये फळीवर चढून बसली होती. मुखदुर्बळ एका तंबूत, झोपलेल्या आजोबांच्या पायाशी निघाली. आजोबांना वाटलं होतं नातवाने उशी आणून ठेवली. भटकभवानी झाडावर. तिला उतरवायला लिफ्टवाला चढला आणि खाली उतरेपर्यंत त्याच्या हातावर ओरखडेच ओरखडे. एकेक माणूस कोंबडी काखेत धरून येत होतं, आणि आत्या प्रत्येकाला "तुमचे फार उपकार झाले" म्हणत होती, डोळे पुसत होती आणि परत म्हणत होती. एका बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आमच्या पोरांचा सगळा उन्हाळा तुमच्या या कोंबड्यांनी गोड केला," ती म्हणाली, "आम्ही काय एवढंही करायचं नाही?"

एक कमी होती. सासूबाई.

तेवढ्यात उताराच्या अगदी खालून, कुंपणाजवळून हाक आली. "बेबी."

वहिनीचे गुडघे असे की ती उतारावर दोन वर्षांत उतरली नव्हती. आता ती गाऊनवरच ओल्या गवतात बसली होती आणि तिच्या मांडीवर सासूबाई होती. मान लोंबत होती. दांडीवर दाराच्या सर्वांत जवळ तीच बसायची.

आत्या तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मी दोरी हातात धरून उभी होते," वहिनी म्हणाली. "तुझी हाक आली नाही. म्हटलं, इतकी चिडलीय तर हाताने फळी लावून गेली असेल."

"मला वाटलं तुम्ही खिडकीतून बघताय."

"मला काय दिसतंय खिडकीतून? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तुला माहीत नाही?"

माहीत होतं. आत्यानेच तर तिला दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं. तिने सासूबाईच्या पिसांवरून हात फिरवला आणि इतके दिवस कोंडलेलं एकदाचं बाहेर आलं. "तुम्ही मला मदतीला ठेवलेली बाई करून टाकलंत."

"कधी?"

"त्या मास्तरणीसमोर. मी ऐकलं."

वहिनीला आठवायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मग काय सांगायला हवं होतं मी? नणंद आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. राहायला आल्यात का? किती दिवस आहेत? त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, बेबी. तू कधी सांगितलंसच नाहीस. तुझी बॅग अजून पलंगाखाली आहे. माळ्यावर टाक म्हटलं की तू विषय बदलतेस. तुला विचारायची मला भीती वाटायची. विचारलं आणि जाते म्हणालीस तर?" तिने गाऊनच्या बाहीने नाक पुसलं. "आणि मग तो तुझा फोन. खिडकी उघडी होती. हंगाम संपला की कायमची येते म्हणे. हे मला खिडकीतून कळायचं?"

आत्याला आता कळलं. म्हणजे ही त्यासाठी फुगली होती.

"तुम्ही मला आसरा दिलात," ती हळूच म्हणाली. "मी आणखी काही मागायचं नाही असं ठरवलं होतं."

"आसरा?" वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "तुझा दादा गेल्यावर मी कशी होते, विसरलीस? अंथरुणातून उठत नव्हते. कॅम्प विकायचा म्हणून माणूससुद्धा येऊन बघून गेला होता. तेव्हा तू पिल्लांचं ते खोकं आणलंस आणि माझ्या पलंगाशेजारी ठेवलंस. इतकीशी पिल्लं, सारखी चिवचिव. पाणी सांडलं की चिवचिव, गार वाटलं की चिवचिव. मी कूस बदलली तरी ती ऐकेनात. चौथ्या की पाचव्या दिवशी मी उठले, त्यांना पाणी दिलं, आणि आता उठलेच आहे तर म्हटलं तोंड धुवावं. तू मला त्या खोलीतून बाहेर काढलंस, बेबी. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, हे माझं चुकलं."

खोकं आत्याला स्वच्छ आठवत होतं. पण खरं ते सांगायला हवं होतं, नाही तर या मांडीवरच्या सासूबाईसमोर बसवलं नसतं. "वहिनी," ती म्हणाली, "हीटर फक्त तुमच्या खोलीत होता. म्हणून ठेवलं होतं तिथे. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "मी काय खुळी आहे? पण मी उठले ना."

आत्याला हुंदका आवरेना. इतकी वर्षं ती एकटीच उपकाराचं ओझं वाहत होती, अशी तिची समजूत. शेजारच्या खोलीत दुसरी बाई तेवढंच ओझं घेऊन झोपत होती आणि दोघींपैकी एकीनेही तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. ती रडता रडता हसायला लागली आणि वहिनी म्हणाली, "आता काय झालं?" तर तिला ते सांगताही येईना.

वर उतारावर सगळे पाहुणे कोंबड्या काखेत धरून उभे होते. शहाणी माणसं, कोणी जवळ आलं नाही. शेवटी लिफ्टवाल्याने भीत भीत विचारलं, "आत्या, हिला कुठे सोडू? हिने माझा शर्ट धुण्याजोगा केलाय."

सासूबाईला त्यांनी कुंपणाजवळच पुरलं. खड्डा लिफ्टवाल्याने खणला, आणि मुलांनी वर इतकी फुलं घातली की माती दिसेना. "फार दिलंस हं बाई," आत्या म्हणाली, आणि मास्तरीणसुद्धा रुमाल शोधायला लागली. मग आत्याने वहिनीला कमरेला धरून, थांबत थांबत, उतारावरून घरी आणलं.

वहिनीने चहा टाकला. आत्याने ओट्याशी उभं राहून मावसबहिणीला फोन लावला. झालं ते थोडक्यात सांगितलं, आणि खोली दुसऱ्या कोणाला द्यायची तर खुशाल दे म्हणाली.

"म्हणजे तू येतच नाहीस?" मावसबहीण हिरमुसली.

"येईन ना," आत्या म्हणाली. "चार दिवस पाहुणी म्हणून येईन."

"दोन दिवस," वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली.